उतरलेल्या सुराचा हायडन

गेल्या पावसाळ्यात माझी आत्या काही दिवस आमच्याकडे राहायला आली होती. तिने उभे आयुष्य गाणे शिकवण्यात घालवले आहे. पाश्चात्त्य संगीताबद्दल तिच्या मनात आकस नाही, पण ओढही नाही. एका दुपारी ती भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती आणि मी अठराव्या शतकातल्या हायडनचा सी मेजर चेलो कॉन्चेर्तो ऐकत होते. चेलो म्हणजे बसून वाजवायचे, व्हायोलिनच्या कुळातले मोठे वाद्य, आणि कॉन्चेर्तो म्हणजे एक मुख्य वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना. आधी जॅकलीन द्यु प्रे या इंग्रज चेलोवादिकेचे १९६७ मधले ध्वनिमुद्रण झाले आणि त्याच्या पाठोपाठ, एकच रचना दोनदा ऐकण्याच्या माझ्या खोडीमुळे, मी डच चेलोवादक आनर बिल्स्मा आणि टोरांटोच्या टाफेलमुसिक वाद्यवृंदाचे लावले. वाद्यवृंदाच्या पहिल्या काही ओळी होतात न होतात तोच आत्याचे हात थांबले. ‘‘अगं, याचा षड्ज उतरलाय का? मघाचा राहिला नाही,’’ असे तिने विचारले. मी तिला सांगितले, की हायडनच्या काळची वाद्ये घेऊन वाजवणारे लोक मुद्दाम थोडा खालचा सूर धरतात. तिने मान हलवली आणि ती पुन्हा शेंगांकडे वळली. मग चेलो सुरू झाला. काही वेळाने, मला उद्देशून नव्हे तर स्वतःशीच बोलावे तशी ती म्हणाली, ‘‘मघाच्या बाईंना कुठे अडत नव्हतं. यांना एकेका सुरासाठी काहीतरी करावं लागतंय.’’

पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ तयार होते. या दुसऱ्या वाक्याचे नव्हते, आणि ते प्रश्नाच्या रूपात आलेले नसल्यामुळे तर अधिकच डाचत राहिले. अठराव्या शतकातली रचना अठराव्या शतकातल्या वाद्यांवर ऐकण्याचा मला बराच जुना नाद आहे. या नादाचे समर्थन करताना मी आजवर जे काही बोलत आले होते ते सगळे शुद्धतेचे, रचनाकाराच्या मनातल्या नादाचे, मूळ रूपाचे होते. आत्याने मात्र तारीख-वार काहीही ठाऊक नसताना थेट नादावर बोट ठेवले होते. द्यु प्रेच्या चेलोत सूर येतो तेव्हा तो आधीपासून तिथे असल्यासारखा येतो. बिल्स्माच्या चेलोत तो प्रत्येक वेळी घडवावा लागतो, आणि घडवण्याची खटपट सुराला चिकटून आपल्यापर्यंत पोचते.

ही खटपट कशाची असते, हे थोडे वाद्याजवळ जाऊन पाहिले पाहिजे. आजच्या चेलोला पोलादी गाभ्याच्या किंवा तशाच ताठ तारा असतात आणि त्या जबर ताणलेल्या असतात. हायडनच्या काळातल्या चेलोच्या वरच्या दोन तारा मेंढीच्या आतड्याच्या, नुसत्या पिळलेल्या. खालच्या दोन तारांनाही गाभा आतड्याचाच, पण वर धातूच्या बारीक तारेचे वेष्टन. आतड्याची तात गजाच्या पहिल्या स्पर्शाला लगेच बोलत नाही. आधी एक खरखर होते, अगदी निमिषमात्र, आणि त्या खरखरीतून सूर बाहेर पडतो. गज आजच्यापेक्षा हलका असतो, त्याचे टोक लहान असते, त्यामुळे सूर टोकाकडे जाताना आपोआप विरळ होतो. तो शेवटपर्यंत सारखा जाड ठेवायचा म्हटले तर हाताला वेगळे कष्ट पडतात, आणि बरेचदा तसा तो ठेवायचाच नसतो. वाद्याखाली जमिनीत रोवायची धातूची काठी नसते. वादक चेलो दोन्ही पोटऱ्यांच्या मध्ये धरून बसतो. ती काठी एकोणिसाव्या शतकात सर्व्हे या बेल्जियन वादकाने रूढ केली, असे मानले जाते. गंमत अशी, की याच सर्व्हेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १७०१ च्या स्ट्रादिव्हारी चेलोवर बिल्स्माने १९९२ मध्ये बाखच्या सहा सुइट, म्हणजे एकट्या चेलोसाठीच्या नृत्यरचनांच्या माळा, ध्वनिमुद्रित केल्या. एरवी त्याचे स्वतःचे वाद्य गोफ्रिलर या कारागिराने १६९९ मध्ये बनवलेले होते.

आत्याला हे सगळे सांगू लागले तेव्हा तिचे लक्ष एकाच शब्दावर गेले. ‘‘म्हणजे तात. सारंगीसारखी,’’ ती म्हणाली. सारंगीच्या मुख्य तारा आतड्याच्या असतात, हे तिला मला सांगावे लागले नाही. तरुणपणी तिने साथीला सारंगी घेऊन गायलेले आहे, आणि पावसाळी हवेत ती वाद्ये कशी रुसून बसतात, मैफल सुरू होण्याआधी सारंगिये किती वेळ खुंट्यांशी झटत असतात, याच्या तिच्याजवळ पुष्कळ आठवणी आहेत. तिच्या मते सारंगीत जी आर्जवाची भावना असते ती या झटण्याशी कुठेतरी जोडलेली आहे. हार्मोनियम आली, सूर आयता मिळू लागला, आणि साथीतून काहीतरी निघून गेले. मी यावर हो किंवा नाही म्हटले नाही. एवढे मात्र लक्षात आले, की जो गुण मी युरोपच्या इतिहासात शोधत होते तो तिने हवेत आणि आतड्यात शोधला होता, आणि तिचा शोध माझ्यापेक्षा जवळ पोचला होता.

पण मग ध्वनिमुद्रण या गोष्टीचे काय करायचे?

तात दमट हवेत बिघडते, दिव्यांच्या उष्णतेत सरकते, एका भागाच्या सुरुवातीला लावलेली शेवटाला तशीच राहील याची खात्री देत नाही. अशा वाद्याची बैठक म्हणजे सतत चालणारी वाटाघाट असते. ध्वनिमुद्रण या वाटाघाटीचा निकाल तेवढा ठेवून घेते. अडलेली ओळ पुन्हा वाजवतात, चांगले तुकडे जोडतात, दोन भागांच्या मधले सूर लावणे कापून टाकतात. जिचा स्वभावच अस्थिर, तिची एक निवडलेली, दुरुस्त केलेली आवृत्ती आपण कायमची ऐकत राहतो, आणि तिसऱ्या-चौथ्या ऐकण्यानंतर ती खरखरसुद्धा नेमक्या त्याच जागी येणार हे आपल्याला पाठ झालेले असते. दुसऱ्या बाजूने पाहिले तर मायक्रोफोननेच हा चेलो आपल्यासाठी वाचवला. दोन हजार माणसांच्या आधुनिक सभागृहात तातीचा आवाज मागच्या रांगांपर्यंत पोचेतो बराच झिजतो. पोलादी तारा आणि तारेवरचे बोट हलवून सुराला दिलेला जोरदार कंप यांची गरज काही अंशी त्या सभागृहांनीच निर्माण केली. मायक्रोफोन मात्र वादकाच्या हातभर अंतरावर येऊन बसतो, आणि राजवाड्यातल्या मोजक्या श्रोत्यांना जे ऐकू येत असेल त्याहूनही जवळचे काही आपल्या कानात घालतो. गजाच्या केसांचे तारेवर बसणे, बोटाचे तारेवर आपटणे, लांब ओळीच्या आधी वादकाने घेतलेला श्वास हे सगळे त्यात आले. हे जुने आहे की अगदी आजचे, याचा निर्णय करणे मला जमत नाही.

सी मेजर कॉन्चेर्तोच्या बाबतीत तर जुने कशाला म्हणायचे, हा प्रश्न अधिकच विचित्र होतो. हायडनने १७६० च्या दशकाच्या पूर्वार्धात हा कॉन्चेर्तो लिहिला, आपल्या रचनांच्या यादीत त्याची सुरुवातीची सुरावट टिपून ठेवली, आणि नंतर तो हरवला. जवळजवळ दोनशे वर्षे तेवढी एक टिपलेली ओळ सोडली तर तो अस्तित्वात नव्हता. १९६१ मध्ये प्रागच्या राष्ट्रीय संग्रहालयात, रादेनिनच्या गढीतून आलेल्या कागदपत्रांत, ओल्दर्झिख पुल्कर्ट या अभ्यासकाला त्याच्या हस्तलिखित प्रती सापडल्या. १९ मे १९६२ रोजी चेलोवादक मिलोश साडलोने चार्ल्स मॅकेरासच्या दिग्दर्शनाखाली तो प्रागमध्ये वाजवला. १९६४ मध्ये रशियन चेलोवादक रोस्त्रोपोविचने इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटनबरोबर तो ध्वनिमुद्रित केला आणि ब्रिटनने त्यासाठी खास कादेन्झा, म्हणजे वाद्यवृंद थांबल्यावर एकट्या वादकाने वाजवायच्या जागा, लिहून दिले. द्यु प्रेने तो मुद्रित केला तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि या कॉन्चेर्तोला लोकांसमोर येऊन पाचच वर्षे झाली होती. म्हणजे ज्या ध्वनिमुद्रणाला आपण परंपरेचे, जुन्या घराण्याचे समजतो त्याच्यामागे खरे तर कोणतीच परंपरा नव्हती. बाखच्या किंवा बीथोव्हनच्या रचनांवर एकोणिसाव्या शतकाने चढवलेली पुटे खरवडायची, हा जुन्या वाद्यांवर वाजवण्याच्या या चळवळीचा आवडता दावा आहे. या कॉन्चेर्तोवर एकोणिसाव्या शतकाचे बोटसुद्धा लागलेले नाही. चेलोवादक क्रिस्तॉफ क्वँने दिग्दर्शक क्रिस्तोफर हॉगवुड आणि अकॅडमी ऑफ एन्शन्ट म्युझिकबरोबर त्या काळच्या वाद्यांवर तो मुद्रित केला १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. साडलोच्या त्या पहिल्या प्रयोगाला तेव्हा पुरती पंचवीस वर्षेही झालेली नव्हती. वाजवण्याचे दोन्ही मार्ग एकाच पिढीतली भावंडे आहेत, आणि थोरले भावंड आधुनिक चेलो आहे.

सुराच्या उंचीचेही तेच. आत्याने जो उतरलेला षड्ज ओळखला त्याचे गणित साधे आहे. आजच्या वाद्यवृंदाचा ‘ए’, म्हणजे वाद्ये जुळवायचा सूर, ४४० हर्ट्झच्या आसपास असतो, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या रचनांसाठी ही मंडळी सहसा ४३० धरतात. फरक अर्ध्या स्वराच्या निम्म्याहूनही कमी. पण ४४० वर जसा १९३९ मध्ये लंडनच्या परिषदेत शिक्का बसला, तसाच ४३० हाही विसाव्या शतकाने आपल्या सोयीसाठी केलेला ठराव आहे. हायडनच्या काळात गावागणिक सूर बदलत असे. बर्लिनमधला बासरीवादक क्वान्त्स याने १७५२ मध्ये याबद्दल तक्रार लिहून ठेवली आहे. कंपाच्या प्रश्नावर तर जुन्या ग्रंथांतच भांडण आहे. व्हायोलिनवादक जेमिनियानी १७५१ मध्ये म्हणतो, की कंप जितका वापरता येईल तितका वापरावा. आणि पाचच वर्षांनी प्रसिद्ध मोझार्टचा बाप लिओपोल्ड मोझार्ट प्रत्येक सुरावर थरथरणाऱ्या वादकांची टिंगल करतो, जणू त्यांना कायमचे कापरे भरले आहे. सरळ, न हलणारा सूर हाच अस्सल, असे जे या ध्वनिमुद्रणांच्या सोबतच्या पुस्तिकांतून एके काळी ठामपणे छापले जाई, ते वाचताना मला तेव्हाही थोडा संकोच वाटत असे. गाण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हा वाद उगाच वाटेल. आत्या आपला षड्ज त्या दिवशीच्या गळ्याप्रमाणे धरते, आणि कुठला सूर आंदोलित करायचा व कुठला स्थिर ठेवायचा याचा निर्णय राग करतो.

तरीही मी पुन्हा पुन्हा बिल्स्माकडेच का जाते? याचे उत्तर मला शेवटी हस्तलिखिताच्या एका तपशिलात सापडले. सापडलेल्या प्रतींत चेलोची ओळ एकच आहे, आणि तिच्यावर आलटून पालटून ‘सोलो’ (एकट्याने) आणि ‘तुत्ती’ (सगळ्यांबरोबर) असे लिहिलेले आहे. हायडन १७६१ मध्ये आयझेनश्टाटला एस्टरहाझी घराण्याच्या नोकरीत उपप्रमुख संगीतकार म्हणून रुजू झाला, तेव्हा त्याच्या हाताखालचे पथक जेमतेम पंधरा-एक वादकांचे होते. चेलो वाजवायला योझेफ वायग्ल होता, आणि बहुधा एकटाच होता. एकल वादक म्हणून त्याने ताठ बसून वाद्यवृंद संपायची वाट पाहायची आणि मग अवतरायचे, हा प्रकारच तिथे शक्य नव्हता. त्याने आधी खर्ज सांभाळायचा, सगळ्यांबरोबर पायाचे सूर वाजवायचे, आणि वेळ आली की त्याच खुर्चीवरून, त्याच गजाने, त्या पायातून वर यायचे. ओळ संपली की पुन्हा खाली जाऊन कामाला लागायचे.

ही गोष्ट एकदा कानाला कळली, की मग कॉन्चेर्तोचा आकारच बदलून जातो. द्यु प्रेच्या ध्वनिमुद्रणात चेलोचा पहिला प्रवेश म्हणजे पडदा सरकणे आहे: चारही तारांवर पसरलेला सी मेजरचा भरघोस स्वरमेळ, आणि त्यामागे एक देखणी, मोठी, आपल्या तेजाची जाणीव असलेली व्यक्ती. मला तो प्रवेश अतिशय आवडतो. खोटे कशाला सांगू. बिल्स्माच्या ध्वनिमुद्रणात तोच स्वरमेळ खालच्या दोन मोकळ्या तारांच्या खरखरीतून उलगडत वर येतो, आणि आधीच्या वाद्यवृंदात जो बास तुम्ही ऐकत होतात त्यातलाच एक आवाज आता पुढे आला आहे, हे ओळखू येते. त्याच्या आवाजाचे लाकूड आणि व्हायोलिनचे लाकूड एकाच झाडाचे वाटते. चेलो गाऊ लागतो तेव्हा वाद्यवृंदाला दबकून बाजूला व्हावे लागत नाही, कारण दोघांची ताकद जवळपास सारखी आहे. ओबोची थोडी अनुनासिक चव आणि झडपा नसलेल्या हॉर्नचा किंचित रानटी सूर चेलोच्या अंगावरून जातो आणि तरी चेलो झाकला जात नाही. आधुनिक वाद्यवृंदात हॉर्न ही मखमल असते. इथे त्याला धातूचा वास येतो.

दुसऱ्या भागात ओबो आणि हॉर्न गप्प बसतात, फक्त तंतुवाद्ये उरतात. व्हायोलिने सुरावट सुरू करतात आणि चेलो तिच्यात शिरतो तो एकाच लांब, धरून ठेवलेल्या सुराने. हायडनला ही युक्ती इतकी आवडली, की तिसऱ्या, वेगवान भागातही त्याने चेलोचा प्रवेश तसाच, लांबवलेल्या सुरानेच केला आहे. असा एकटा सूर वाजवणे ही वादकाची खरी परीक्षा असते, कारण त्यात लपायला जागा नाही. आधुनिक चेलोवर हा सूर कंपाने उबदार होतो आणि ओळीवर साय धरावी तसा पसरतो. तातीवर तो आधी जवळजवळ ऐकूच येत नाही. व्हायोलिनांच्या सुरावटीखाली काहीतरी आहे एवढेच जाणवते, मग ते हळूहळू घट्ट होते, मध्यावर भरते, थोडेसे हलते आणि पुढच्या ओळीत वितळते. त्या सुराचा आरंभ नेमका कोणत्या क्षणी झाला हे मला इतक्या वेळा ऐकूनही सांगता येत नाही. वायग्लने १७६३ च्या आसपास हे कसे वाजवले असेल ते कुणालाच ठाऊक नाही, आणि त्या सुरापुरते तरी मला त्याचे काही वाटत नाही. खालच्या रांगेतला माणूस वर येतो आहे, एवढे ऐकायला मिळते, आणि ते पोलादी तारेवर मला इतके स्पष्ट कधी ऐकू आलेले नाही. आत्या ज्याला अडणे म्हणाली ते हेच असावे. तिथे वजन उचलले जात होते.

बोकेरिनीच्या बाबतीत माझी बाजू इतकी सरळ नाही. लुक्का गावात जन्मलेला आणि माद्रिदमध्ये मेलेला हा चेलोवादक आपल्या वाद्याच्या इतक्या वरच्या टोकाला जाऊन वाजवत असे, की व्हायोलिनची ओळ तो चेलोवर आहे त्याच सप्तकात वाजवू शके, असे सांगतात. त्याचा बी फ्लॅट मेजर कॉन्चेर्तो बहुतेकांनी ज्या रूपात ऐकला आहे ते रूप फ्रीडरिश ग्र्युट्समाखर या जर्मन वादकाने १८९५ मध्ये जुळवलेले आहे. त्याने मूळ रचनेत काटछाट केली, स्वतःची भर घातली आणि मधला संथ भाग काढून त्या जागी बोकेरिनीच्याच दुसऱ्या, जी मेजर कॉन्चेर्तोमधला संथ भाग बसवला. आजच्या कोणत्याही संपादकीय नीतीत हे बसणार नाही. मूळ रूपातले बोकेरिनीचे कॉन्चेर्तो त्या काळच्या वाद्यांवर ऐकले की ते किती हवेशीर आणि विक्षिप्त आहेत ते कळते. चेलो वरच्या टोकाला जातो तेव्हा तातीचा आवाज बारीक आणि थोडा चिरका होतो, आणि त्यात एक नाजूक, मोडेल की काय असे वाटायला लावणारी चव असते. हे सगळे मी मानते. आणि तरीही द्यु प्रेने वाजवलेला तो ग्र्युट्समाखरचा उचलून आणलेला संथ भाग लागला की मी हातातले काम बाजूला ठेवते. तो भाग तिथला नाही. हे ठाऊक असून काही फरक पडत नाही, आणि फरक पडावा असे मला आता वाटतही नाही.

थोरल्या बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमान्युएल बाख याच्या तीन चेलो कॉन्चेर्तोंविषयी थोडक्यात. ते १७५० ते १७५३ या काळातले आहेत, आणि तेच तीन कॉन्चेर्तो त्याने बासरी आणि हार्पसिकॉर्डसाठीही मांडलेले आहेत. ए मेजरमधला संथ भाग म्यूट, म्हणजे आवाज दबवणारा चिमटा, चढवून वाजवायचा आहे. बिल्स्माने तो गुस्टाव्ह लिओनहार्टच्या दिग्दर्शनाखाली ऑर्केस्ट्रा ऑफ द एज ऑफ एनलायटनमेंटबरोबर मुद्रित केला आहे. त्यातले थांबे, म्हणजे ओळ अर्ध्यावर तुटून शांतता उरते त्या जागा, मला इतरत्र कुठेही इतक्या बोलक्या वाटल्या नाहीत. तातीचा सूर तुटतो तेव्हा त्याच्या मागे रेंगाळणारा नाद फार उरत नाही, म्हणून ती शांतता खरोखर रिकामी असते.

आता सीमारेषा पुसट झाली आहे, हेही सांगितले पाहिजे. ही चळवळ सुरू करणाऱ्यांत चेलोवादक पुष्कळ होते आणि ते बाहेरचे बंडखोर नव्हते: निकोलाउस हार्नोन्कूर १९५२ पासून १९६९ पर्यंत व्हिएन्ना सिम्फनीच्या चेलोंत बसत होता, आणि बिल्स्मा १९६२ ते १९६८ अॅमस्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाऊ वाद्यवृंदाचा प्रमुख चेलोवादक होता. पुढच्या पिढीला त्यांच्याइतका पक्ष घ्यावा लागला नाही. बिल्स्माचा शिष्य पीटर विस्पेलवे जुन्या वाद्यांच्या फ्लोरिलेजियम वाद्यवृंदाबरोबर हायडन वाजवतो आणि दुसऱ्या दिवशी आधुनिक चेलोवर विसाव्या शतकातले संगीत वाजवतो. चेलोवादक स्टीव्हन इसरलिस आधुनिक वाद्यवृंदांसमोर वर्षानुवर्षे तातीच्या तारा लावूनच बसत आला आहे. ज्याँ-गियेन केरास मुळात आधुनिक चेलोचा वादक. त्याने फ्रायबुर्ग बरोक ऑर्केस्ट्राबरोबर २००४ मध्ये प्रकाशित केलेल्या हायडनमध्ये तातीची सगळी खरखर आहे, पण बोटे इतकी निर्वेध आहेत, की आत्याला तो ऐकवला असता तर अडण्याबद्दल ती काही बोलली नसती. मला त्यात आनंद होतो आणि थोडी हुरहुरही लागते. कौशल्य वाढत जाते तसे तात हीसुद्धा एक शैली होऊन बसते, हवी तेव्हा चढवायची आणि नको तेव्हा उतरवायची. पहिल्या पिढीच्या वादनात जे चाचपडणे होते ते पुन्हा येणे नाही, आणि ते यावे म्हणून कुणी वाईट वाजवावे असेही म्हणता येत नाही.

हायडनच्या दुसऱ्या, डी मेजर चेलो कॉन्चेर्तोची गोष्ट उलट्या बाजूने सुरू होते, कारण तो कधी हरवला नाही. हायडनने तो १७८३ मध्ये आंतोन क्राफ्टसाठी लिहिला. बोहेमियातून आलेला हा क्राफ्ट वायग्लनंतरच्या काळात एस्टरहाझी वाद्यवृंदात चेलो वाजवत होता आणि हायडनकडे रचना शिकत होता. १८३७ मधल्या एका कोशात हा कॉन्चेर्तो क्राफ्टचाच असल्याचे छापले गेले, आणि १९५० च्या दशकात हायडनच्या हस्ताक्षरातली प्रत व्हिएन्नात पुढे येईपर्यंत तो संशय टिकला. मधल्या काळात बेल्जियमच्या गेव्हार्त या संगीतकाराने त्याला फुगवून मोठ्या वाद्यवृंदासाठी नवी वस्त्रे चढवली, आणि कित्येक दशके लोक तेच ऐकत राहिले. म्हणजे खरवडायला पुट होते ते इथे होते. बिल्स्मा आणि टाफेलमुसिकच्या त्याच तबकडीवर दोन्ही हायडन कॉन्चेर्तोंच्या जोडीला क्राफ्टचा स्वतःचा सी मेजर कॉन्चेर्तोही आहे, आणि हा शेजार मला फार शहाणपणाचा वाटतो. क्राफ्टचा कॉन्चेर्तो ऐकून झाल्यावर त्या जुन्या संशयाचे कारण कळते. अंगठा तारांवर आडवा टेकवून वरच्या सप्तकात चारही तारा बोटांखाली आणण्याची ती लकब, अष्टकांत, म्हणजे एकच सुरावट एकाच वेळी दोन सप्तकांत घेऊन, धावणाऱ्या त्या जोडओळी, हे सगळे दोघांतही आहे; हात क्राफ्टचाच आहे आणि हायडनने तो जवळ बसून नीट न्याहाळला असणार. पण हायडनच्या पहिल्या भागात चेलो पंधरा मिनिटांच्या आसपास गात राहतो आणि ती कसरत एकदाही स्वतःकडे बोट दाखवत नाही, तर क्राफ्टच्या कॉन्चेर्तोत ती मनसोक्त दाखवते, आणि बिल्स्मा तिथे इतका खुशीत वाजवतो, की मला हायडनला सोडून थोडा वेळ क्राफ्टची बाजू घ्यावीशी वाटते. हायडनच्या शेवटच्या भागातल्या, म्हणजे रोन्डोतल्या, अष्टकांसाठी मात्र मी केरासचे ध्वनिमुद्रण लावते. बिल्स्माच्या हातात त्या जागा ओरखडतात, आणि तिथे ते ओरखडणे मला आवडत नाही.